परत वळलेलं विमान आणि थकलेली पेन्शन

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी रशियाचे माजी पंतप्रधान येवगेनी प्रिमाकोव्ह यांचं नाव घेतलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की 1996 ते 1999 मी मॉस्कोत होते. मुंबईतल्या एका औषध कंपनीचं तिथे कार्यालय होतं, त्यात दुभाषी म्हणून. रशियन शिकले ती आधी पेडर रोडला संध्याकाळच्या वर्गात आणि मग कलिन्याला विद्यापीठात. माहेर लालबागचं, आताही तिथेच राहते.

‘आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की रशियाच्या एका पंतप्रधानांनी अमेरिकेला जाताना अर्ध्या समुद्रावरून विमान परत फिरवलं. हे खरं आहे का, की नुसतीच सांगोवांगी?’
*टी.वाय.बी.ए.ची विद्यार्थिनी, परळ*

खरं आहे. मार्च 1999 मधली गोष्ट. प्रिमाकोव्ह वॉशिंग्टनला निघाले होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज मिळावं ही मोठी निकड होती आणि अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांच्याशी बैठक ठरली होती. विमान अटलांटिकवर असताना गोर यांच्याशी फोनवर बोलणं झालं आणि कळलं, की कोसोव्हो या प्रांताच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर नाटोचा, म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या लष्करी युतीचा, हल्ला होणार, तो आता टळत नाही. प्रिमाकोव्ह यांनी विमान मागे वळवायला सांगितलं. 24 मार्चला नाटोची बॉम्बफेक सुरू झाली, ती 78 दिवस चालली. रशियात या प्रसंगाला आजही ‘प्रिमाकोव्हचं वळण’ म्हणतात.

परीक्षेला तुला एवढं पुरेल. पण तू परळची आहेस म्हणून पुढचंही सांगते. त्या विमानात बसलेल्या माणसाची तिजोरी रिकामी होती, आणि ज्यांच्याकडे मागायला निघाला होता त्यांच्याकडेच त्याने पाठ फिरवली. ती तिजोरी कशी रिकामी झाली, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

17 ऑगस्ट 1998, सोमवार. किरियेन्को पंतप्रधान होते. सरकारने जाहीर केलं की सरकारी रोख्यांचे पैसे आता देता येणार नाहीत, रुबलचा भाव धरून ठेवता येणार नाही आणि खासगी बँकांच्या परदेशी देण्यांना 90 दिवस स्थगिती. आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यावर डॉलर बदलून देणारं पानाच्या गादीएवढं दुकान होतं. बाहेर फळ्यावर भावाचे आकडे अडकवलेले असायचे. त्या आठवड्यात आतली मुलगी सकाळी एक आकडा लावायची, दुपारी काढून दुसरा लावायची. आधी सव्वासहा रुबलला मिळणारा डॉलर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वीसच्या वर गेला. एक दिवस फळ्यावर नुसते खिळे होते. तिच्याकडे लावायला आकडाच नव्हता.

आमचा माल उधारीवर गेलेला. वसुली रुबलमध्ये आणि मुंबईला हिशेब डॉलरमध्ये. एका मोठ्या वितरकाने फोन उचलणंच बंद केलं, त्याच्याकडचे पैसे शेवटपर्यंत आले नाहीत. पण कंपनीचं नुकसान कंपनी सोसते. मला अस्वस्थ केलं ते आमच्या घरमालकीणबाईंनी. निवृत्त नर्स, वय बहात्तर. मी त्यांच्या दोन खोल्यांपैकी एकीत भाड्याने राहत होते. पेन्शन पोस्टातली बाई घरी आणून द्यायची. त्या उन्हाळ्यापासून ती यायचीच बंद झाली होती. येण्याच्या दिवशी घरमालकीणबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा आणि पेन काढून ठेवायच्या, सहीसाठी. संध्याकाळी दोन्ही उचलून कपाटात ठेवायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत. बाजारातून कुट्टू नावाचं धान्य, मीठ, साखर आणि काड्यापेट्या आणून पलंगाखाली रचायच्या.

हे दृश्य मला नवीन नव्हतं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, आई खानावळ चालवायची. गिरणीचा पगार झाला की आईचे डब्यांचे पैसे यायचे, त्यातून वाण्याचे फिटायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. पगाराचा दिवस यायचा आणि जायचा, घरात कोणी बोलायचं नाही. पुढे गिरणी बंद झाली तरी वडील देणी मिळतील म्हणून कागद सांभाळत राहिले. तू परळची आहेस, तुझ्या आजोबांना विचार. ज्या घरात पगार थकतो तिथला आवाज कसा असतो, ते ते सांगतील.

रशियात तेव्हा अख्खा देशच असा होता. शिक्षक, डॉक्टर, सैनिक, खाणकामगार, सगळ्यांचे पगार महिनोन् महिने थकलेले. त्या उन्हाळ्यात खाणकामगार मॉस्कोला येऊन मंत्रिमंडळाच्या इमारतीसमोरच्या पुलावर बसले होते आणि डोक्यावरची हेल्मेटं रस्त्यावर आपटत होते. मी तिथून जाताना तो आवाज ऐकला आहे. शेकडो हेल्मेटं, एका ठेक्यात.

अशा वेळी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी किरियेन्कोंना काढून माजी पंतप्रधान चेर्नोमीर्दिन यांचं नाव पुढे केलं. संसदेने, म्हणजे दूमाने, ते दोनदा फेटाळलं. तिसऱ्यांदाही फेटाळलं असतं तर दूमा बरखास्त करून निवडणुका घेण्याची वेळ होती. तेव्हा विरोधी बाकावरच्या याव्लीन्स्की यांनी परराष्ट्रमंत्री प्रिमाकोव्ह यांचं नाव सुचवलं. प्रिमाकोव्ह आधी नाही म्हणाले, मग तयार झाले. 11 सप्टेंबरला 317 मतांनी मंजुरी मिळाली. वय अडुसष्ट. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांनी त्यांना मत दिलं.

त्यांनी जादू केली असं मी म्हणणार नाही. मोठ्या घोषणाही केल्या नाहीत. कम्युनिस्ट पक्षाचे मास्ल्युकोव्ह यांना पहिले उपपंतप्रधान केलं, तेव्हा आता नोटा छापून वाटतील असं सगळे म्हणत होते. गेराश्चेन्को यांना मध्यवर्ती बँकेत आणलं, तेव्हाही तेच. पण अर्थमंत्री आधीचेच ठेवले आणि 1999 चा अर्थसंकल्प असा आवळून केला की पुस्तकी उदारमतवाद्यांनाही तो जमला नसता. जमेल तेवढ्यात चालू पगार-पेन्शन आधी आणि जुनं हळूहळू, अशी त्यांची घडी होती. रुबल स्वस्त झाल्यामुळे परदेशी माल महागला आणि रशियन कारखान्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळालं, हा नशिबाचा भाग. तेलाचे भाव 1999 मध्ये वर चढले, तोही. 1998 मध्ये 5.3 टक्क्यांनी आकसलेली अर्थव्यवस्था 1999 मध्ये 6.4 टक्क्यांनी वाढली. याचं सगळं श्रेय एका माणसाला देता येत नाही. पण बुडत्या घरात आरडाओरडा न करता आधी चूल पेटवणारा माणूस लागतो, आणि तो तेव्हा तिथे होता.

नोव्हेंबरात एका सकाळी पोस्टातली बाई आली. घरमालकीणबाईंनी चष्मा लावून सही केली आणि नोटा दोनदा मोजल्या. त्याच वर्षी जानेवारीत रुबलची तीन शून्यं गेली होती, म्हणजे जुन्या हजाराचा एक नवा रुबल झाला होता, तरी त्या अजून हजारांतच मोजायच्या. मग मला म्हणाल्या, ‘या महिन्याचं भाडं राहू दे, मीच तुला जेवायला घालते.’

सरांनी विमान सांगितलं ते चांगलंच केलं. त्याला जोडून हेही वर्गात सांग.

‘रशिया, भारत आणि चीन यांनी एकत्र यावं ही कल्पना प्रिमाकोव्ह यांची, असं वाचलं. त्यातून भारताला काय मिळालं?’
*निवृत्त बँक अधिकारी, मुलुंड*

डिसेंबर 1998 मध्ये प्रिमाकोव्ह दिल्लीत आले होते. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी. आपल्या पोखरणच्या चाचण्या होऊन सात महिने झाले होते, अमेरिकेचे निर्बंध लागू होते. आणि नुकतीच अमेरिका-ब्रिटनने इराकवर चार दिवस बॉम्बफेक केली होती. या वातावरणात ते म्हणाले की तिन्ही देशांचा त्रिकोण झाला तर या भागाच्या स्थैर्यासाठी बरं होईल. बीजिंगने तेव्हा फारसा उत्साह दाखवला नाही, दिल्लीनेही नाही. आपल्याला अमेरिकेशी बोलणी चालू ठेवायची होती आणि 1962 विसरण्यासारखं नव्हतं. मला आपली सावधगिरी तेव्हाही बरोबर वाटली, आजही वाटते.

पण बी रुजलं. तिन्ही परराष्ट्रमंत्र्यांची स्वतंत्र बैठक जून 2005 मध्ये व्लादिवोस्तोकला झाली, 2006 मध्ये सेंट पीटर्सबर्गला तिन्ही नेते भेटले, आणि 2009 मध्ये ब्राझीलला घेऊन येकातेरिनबुर्गला ‘ब्रिक’ची पहिली शिखर परिषद झाली.

ताबडतोब हाती लागलं ते वेगळंच. त्याच दौऱ्यात 2010 पर्यंतच्या संरक्षण सहकार्याचा करार झाला. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या आधीचे परराष्ट्रमंत्री कोझिरेव्ह यांच्या काळात मॉस्कोची नजर सगळी पश्चिमेकडे होती, आपण कोपऱ्यात पडलो होतो. जानेवारी 1996 मध्ये प्रिमाकोव्ह परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा मी मॉस्कोत नवी होते. सरकारी कचेऱ्यांमध्ये आमच्या कागदांना उत्तर यायला लागलं ते त्यानंतर, हा माझा अनुभव. तुम्ही बँकेत होतात म्हणून आठवण करून देते. सोव्हिएत काळातलं कर्ज आपण 1993 च्या कराराप्रमाणे रुपयांत फेडत होतो आणि त्या रुपयांतून रशियन व्यापारी आपल्याकडून चहा नि औषधं उचलत होते. आमच्या कंपनीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा होता.

‘इतके लोकप्रिय होते तर राष्ट्राध्यक्ष का झाले नाहीत?’
*गृहिणी, डोंबिवली*

लोकप्रिय होते म्हणूनच.

1999 च्या वसंतात रशियात त्यांच्याइतका विश्वास दुसऱ्या कोणावर नव्हता, आणि आजारी येल्त्सिनच्या भोवतालच्या मंडळींना ते सलत होतं. प्रिमाकोव्ह यांनी आर्थिक गुन्हेगारांना तुरुंगात टाकण्याची भाषा केली होती. एप्रिलमध्ये बेरेझोव्स्की या बड्या धनाढ्यावर अटक वॉरंट निघालं, ते पुढे मागेही घेतलं गेलं. त्याच महिन्याच्या शेवटी गृहमंत्री स्तेपाशिन यांना अचानक पहिले उपपंतप्रधान करण्यात आलं.

5 मे. क्रेमलिनमध्ये नव्या सहस्रकाच्या सोहळ्याच्या समितीची बैठक, टीव्हीवर दाखवत होते. घरमालकीणबाई आणि मी चहा घेत पाहत होतो. येल्त्सिन बोलता बोलता थांबले. टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘नीट बसला नाहीत.’ स्तेपाशिन पहिले उपपंतप्रधान आहेत, त्यांनी जवळ येऊन बसावं, असं सांगितलं. सगळ्या देशासमोर खुर्च्या सरकल्या. प्रिमाकोव्ह जागचे हलले नाहीत, चेहराही हलला नाही. घरमालकीणबाईंनी कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, ‘संपलं.’ पुढच्या बुधवारी, 12 मे ला, त्यांना काढलं. येल्त्सिनवरच्या महाभियोगाची चर्चा दुसऱ्याच दिवशी दूमात सुरू व्हायची होती. तो महाभियोगही पुरेशा मतांअभावी पडला.

त्यानंतर प्रिमाकोव्ह मॉस्कोचे महापौर लुझकोव्ह यांच्या आघाडीत गेले. तोवर मी मुंबईत परतले होते, पण मॉस्कोच्या मैत्रिणींचे फोन यायचे. सरकारी वाहिनीवर दोरेन्को नावाचे निवेदक रविवारी रात्री कार्यक्रम करायचे. त्यांनी प्रिमाकोव्ह यांच्या मांडीच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेवर एक भाग केला. तशा शस्त्रक्रियेची रक्ताळलेली दृश्यं दाखवली आणि हा माणूस आता पुन्हा ऑपरेशन टेबलावर जाणार, देश काय चालवणार, असा सूर लावला. प्रिमाकोव्ह यांनी दुसऱ्या वाहिनीच्या चालू कार्यक्रमात फोन करून आपली तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. माझ्या मते तो फोन करायला नको होता. म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या मांडीचा खुलासा देशाला द्यावा लागणं, यातच दुसऱ्या बाजूचं काम झालं.

19 डिसेंबरला दूमाच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला 13 टक्क्यांच्या आसपास मतं पडली. चार महिन्यांपूर्वी पंतप्रधान झालेल्या पुतीन यांचा पाठिंबा असलेल्या, तीन महिन्यांत उभ्या केलेल्या पक्षाला 23. वर्षाच्या शेवटच्या दिवशी येल्त्सिन यांनी राजीनामा देऊन पुतीन यांच्या हाती सूत्रं दिली. फेब्रुवारी 2000 मध्ये प्रिमाकोव्ह यांनी आपण उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. लढून हरले असते, हे मला मान्य आहे. तरी लढायला हवं होतं, असं मला वाटतं. ज्यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला होता त्यांना मत टाकायला जागाच उरली नाही.

‘हेरखात्याचा प्रमुख आणि सद्दाम हुसेनचा स्नेही असलेल्या माणसाबद्दल तुम्ही इतक्या आपुलकीने कसं लिहिता?’
*निवृत्त शिक्षक, ठाणे*

सर, तुमचं पत्र कडक आहे आणि मुद्दा रास्त आहे.

प्रिमाकोव्ह अरबी शिकलेले. ‘प्रावदा’चे प्रतिनिधी म्हणून 1965 पासून कैरोत होते. इराकच्या कुर्द नेत्यांना आणि सद्दामला ते तेव्हापासून ओळखत. पुढे विज्ञान अकादमीच्या प्राच्यविद्या संस्थेचे संचालक झाले. ऑक्टोबर 1990 मध्ये सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांनी त्यांना बगदादला पाठवलं ते सद्दामने कुवेतमधून सैन्य मागे घ्यावं म्हणून. फेब्रुवारी 2003 मध्ये पुतीन यांनी पुन्हा पाठवलं, ते सत्ता सोडा असं सांगायला. दोन्ही वेळा सद्दामने ऐकलं नाही. मला यात दोस्तीपेक्षा ओळखीचा उपयोग युद्ध टाळण्यासाठी करण्याची धडपड दिसते. पण सद्दामने कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. ज्या माणसाने कुर्दांच्या डोंगरात जाऊन त्यांच्याशी वाटाघाटी केल्या होत्या, त्याने त्यावर आवाज उठवायला हवा होता. ही माझी त्यांच्याविषयीची तक्रार आहे आणि ती मिटलेली नाही.

हेरखात्याचं म्हणाल तर सोव्हिएत संघ मोडताना 1991 मध्ये ते परदेशी हेरखात्यावर आले आणि 1996 पर्यंत राहिले. येल्त्सिनने बाकी बहुतेक बदलले, यांना ठेवलं.

आयुष्याच्या शेवटचं एक सांगते. 2014 मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला त्याला त्यांचा पाठिंबा होता. तो मला पटत नाही. पण जानेवारी 2015 मध्ये, तेव्हा वय पंच्याऐंशी, जाहीर भाषणात ते म्हणाले की युक्रेनचा आग्नेय भाग युक्रेनमध्येच राहिला पाहिजे आणि रशियाने तिथे आपलं सैन्य पाठवता कामा नये. मॉस्कोत तेव्हा टाळ्या मिळवणारं बोलणं वेगळं होतं. 26 जून 2015 ला ते गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा टीव्हीसमोर बसले असताना मला त्यांचं तेच भाषण आठवत होतं.

‘प्रिमाकोव्ह की प्रिमाकोफ? आणि रशियन माणसाला हाक कशी मारायची?’
*भाषांतराचा अभ्यासक, दादर*

उच्चार प्रिमाकोफ, जोर शेवटी. छापताना आपण ‘व्ह’ लिहितो तो रूढ झाला आहे, राहू दे. रशियन नावाची ठेवण आपल्याला परकी वाटायला नको. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्या रेशनकार्डावर असतं तसंच. फरक असा की तिथे मानाने बोलायचं तर आडनावाला साहेब जोडत नाहीत, स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून घेतात. येवगेनी मक्सीमोविच.

घरमालकीणबाई येल्त्सिनना नुसतं येल्त्सिन म्हणायच्या, किरियेन्कोंना ‘तो मुलगा’ म्हणायच्या. 12 मे ला मी ऑफिसातून परतले तर त्या दारातच उभ्या होत्या. ‘येवगेनी मक्सीमोविचना काढलं’, एवढंच म्हणाल्या. आत टेबलावर चष्मा आणि पेन काढून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पेन्शन यायची होती.

आली. त्यांनी सही केली.